गाईचं दूध की म्हशीचं? दोन फिक्या रंगांतला एक भिंतीसाठी निवडताना

गेले बारा दिवस आमच्या हॉलच्या भिंतीवर दोन चौकोन रंगवलेले आहेत, दोन-दोन फुटांचे, आणि घरात येणारा प्रत्येक जण, अगदी दूध घालायला येणारे काकासुद्धा, दारात थांबून मत देऊन जातात. दोन्ही रंग तसे पांढऱ्यातलेच. पेंटरमामा तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, दोन्ही पांढरंच हायत की ओ, कुठला तरी एक सांगा, उद्यापास्नं काम सुरू करतो." पण आई म्हणते डावा पिवळा दिसतोय, मला तो पिवळा दिसत नाही, नवऱ्याला उजवा राखुंडीसारखा वाटतो, आणि रात्री लाइट लावले की तिघांचीही मतं फिरतात.

दिवाळी जवळ आली की सांगलीत गल्लोगल्ली हाच घोळ चालू असतो. दुकानात शेड कार्ड उघडलं की नुसत्या पांढऱ्याच्याच आसपासच्या शेड ढिगानं, नावं सगळी मोती, साय, ढग, हस्तिदंत अशी, आणि दुकानदाराला विचारलं तर "दोन्ही चालतील ताई, दोन्ही हलक्याच आहेत". मी या बारा दिवसांत बरंच वाचलं, मामांना प्रश्न विचारून भंडावलं, भिंतीपुढं सकाळ-दुपार-रात्र उभी राहिले, आणि आता मला मनापासनं वाटतं की आपण हा प्रश्न आवडीचा समजून भांडतो तिथंच चुकतो. फिका रंग हा खोलीत आधीपासनं असलेल्या उजेडावर चढतो, आणि उजेड प्रत्येक खोलीत वेगळा असतो. तो उजेड वाचता आला की दोनातला एक आपोआप मागं पडतो.

दोन्ही पांढरेच, मग फरक कसला?

फरक झाकेचा. झाक हा आपला जुनाच शब्द, सोन्याला तांबूस झाक म्हणतो तीच. फिक्या रंगात मुख्य रंग पांढरा असतो आणि त्यात खाली कुठंतरी पिवळा, गुलाबी, हिरवा, निळा नाहीतर राखाडी असा एखादा रंग चिमूटभर मिसळलेला असतो. एकटा बघितला तर ती झाक कळत नाही, दुसरा पांढरा शेजारी आला की लगेच उठून दिसते.

आमच्याकडं हे आईनं एका वाक्यात सांगितलं. म्हणाली, "हा गाईच्या दुधाचा आणि हा म्हशीच्या." एकदम बरोबर. गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं म्हणून ते पिवळसर दिसतं, म्हशीच्या अंगात त्या कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए होऊन जातं म्हणून तिचं दूध पांढरंफेक. भिलवडी-पलूस अशा आमच्या दूधवाल्या गावांकडच्या माणसाला पातेल्यात डोकावून सांगता येईल कुठलं दूध कुणाचं, पण नुसतं एकच पातेलं समोर असेल आणि दुधाची सवय नसेल तर दोन्ही "पांढरं"च. तेव्हापासनं आमच्या घरात डावा चौकोन म्हणजे गाय आणि उजवा म्हणजे म्हैस, मामासुद्धा तसंच म्हणायला लागलेत.

झाक येते कुठनं तर दुकानातल्या मशीनमधनं. डब्यात आधी पांढरा बेस असतो, त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पावडरीचा, आणि मशीन त्यात वरनं पिवळ्या, काळ्या, लाल रंगाचे अगदी मोजून थेंब सोडतं. गडद रंगात एखादा थेंब इकडंतिकडं झाला तर फारसं कळत नाही, पण फिक्या रंगात सगळा खेळच त्या थेंबांचा, दुधात चिमूटभर हळद टाकली की दूध बदलतं तसा. म्हणून एका खोलीला लागणारे सगळे डबे एकदम, एकाच मशीनवरनं काढून घ्यायचे, आणि शक्य असेल तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावायचे. अर्ध्यात रंग संपला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातनं तोच नंबर आणला, की भिंतीच्या मध्यावर जोड दिसण्याची शक्यता असते.

झाक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेड कार्डावर त्याच पट्टीतला सगळ्यात खालचा, सगळ्यात गडद रंग बघायचा. पट्टी एकाच कुटुंबाची असेल तर वरच्या फिक्यात जे लपलंय ते खाली उघडं पडतं. आमच्या गाईच्या पट्टीत खाली चक्क बदामी होता आणि म्हशीच्या पट्टीत पाटीसारखा निळसर राखाडी. दुसरी युक्ती म्हणजे शेजारी कोरा झेरॉक्सचा कागद धरणं, पण यात एक गोची आहे, त्या कागदात तो जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारं केमिकल घातलेलं असतं आणि तो जरा निळसरच असतो, त्यामुळं त्याच्या शेजारी जवळपास कुठलीही भिंत पिवळी दिसते. कागदाशी तुलना करून "अरे बापरे पिवळा" म्हणून घाबरू नका, दोघांतला जास्त पिवळा कुठला एवढंच बघा.

नीळ आठवते का?

आजीच्या घरी दिवाळीआधी कळीचा चुना भिजत घालायचे, हौदाशेजारी तो फसफसायचा, आम्हाला जवळ जाऊ द्यायचे नाहीत, आणि थंड झाल्यावर त्यात नीळ पडायची. पांढऱ्यात निळा घातल्यावर भिंत निळी व्हायला हवी ना, पण ती जास्त पांढरी दिसायची, धोतरं-सदऱ्यांना नीळ घालायचे तेही त्याचसाठी. जुनाट कपडा किंवा चुना थोडा पिवळसर असतो, निळा हा पिवळ्याचा विरोधी, एकानं दुसरा मारला जातो आणि डोळ्याला स्वच्छ पांढरं वाटतं. जरा जास्त पडली की मात्र भिंत निळी दिसायची आणि आजी ज्यानं घातली त्याला दिवाळीभर बोलायची.

आजीनं जे केलं तेच तुमच्या खोलीत उजेड करत असतो. खोलीतला उजेड पिवळा असेल तर निळसर राखाडी झाकेची भिंत नीळ घातल्यासारखी स्वच्छ दिसेल, आणि उजेड मुळातच निळसर असेल तर त्याच भिंतीत नीळ जास्त पडल्यासारखी होईल. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं सोपं आहे.

कार्डावर आवडला, भिंतीवर भलताच

ही तर सगळ्यांचीच तक्रार. कार्डावरचा तुकडा टपाल तिकिटाएवढा, भोवती पांढरी कडा, आणि शेजारच्या तुकड्यांचा परिणाम. शेजारच्या रंगामुळं रंग बदलल्यासारखा दिसतो हे फ्रान्समधल्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं नीट उलगडून १८३९ साली पुस्तकात मांडलं. तो पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभाग बघायचा, तिथं तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय, त्यानं तपासलं तर धागा उत्तम, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळं तो तसा दिसत होता. आमच्या गाय-म्हशीचंही तेच झालं. दोन्ही चौकोन खेटून रंगवल्यामुळं गाय होती त्यापेक्षा पिवळी आणि म्हैस होती त्यापेक्षा निळी दिसत होती, आणि आम्ही पहिले चार दिवस त्या खोट्या फरकावर वाद घातला.

दुसरं कारण त्याहून मोठं. भिंत एकटी नसते, चार असतात. एका भिंतीवरनं उडालेला उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तिथला रंग घेऊन परत येतो, पुन्हा जातो. गाईच्या भिंतीवरनं थोडा पिवळा झालेला उजेड पुढच्या गाईच्या भिंतीवर पडला की आणखी पिवळा. चहा गाळून झाल्यावर परत त्याच पावडरीवर ओतला तर गडद होतो, तसंच. म्हणून चारी भिंती रंगल्यावर झाक कार्डावरल्यापेक्षा जास्त चढलेली वाटते. दोन शेडमध्ये मन अडकलं असेल आणि चारही भिंती रंगवायच्या असतील तर कार्डावर थोडी कमी झाक वाटते ती घ्या, खोली उरलेलं भरून काढते.

ओला रंग बघूनही काही ठरवू नका. पाण्यातला रंग, म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो तो, ओला असताना दुधाळ फिका दिसतो आणि वाळल्यावर थोडा गडद होतो.

खिडकी कुणाकडं उघडते?

इंटरनेटवर सगळीकडं लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खोलीत थंड निळसर उजेड म्हणून तिथं ऊबदार रंग द्या, दक्षिणेच्या खोलीत भरपूर ऊन म्हणून तिथं काहीही चालतं. हे बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं आहे आणि ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण सांगली साधारण १६.८५ अंश उत्तरेला आहे. लंडनला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासनं जेमतेम १५ अंश वर येतो, म्हणजे ऊन आडवं थेट घरात शिरतं. आपल्याकडं त्याच दिवशी दुपारी तो ५० अंशांच्या आसपास असतो. आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात नि परत ऑगस्टच्या सुरुवातीला तर तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्या मधल्या दिवसांत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळं आपल्या उत्तरेच्या खिडकीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन मिळतं, लंडनइतकी ती उपाशी नसते, आणि दक्षिणेच्या खिडकीवरचा सज्जा उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन बाहेरच अडवतो.

याचा अर्थ असा की आपल्याकडं खोलीत येणारा बराचसा उजेड थेट उन्हाचा नसतो, कशावर तरी आपटून आलेला असतो. अंगणातली फरशी, समोरचा डांबरी रस्ता, शेजारच्या बिल्डिंगची भिंत, कंपाउंडमधलं झाड. हे मला कुठं वाचायला मिळालं नाही, आमच्या हॉलनंच दाखवलं. आमचा फ्लॅट विश्रामबागेत, हॉलची खिडकी पश्चिमेला, आणि समोरच्या अपार्टमेंटला दोन वर्षांपूर्वी विटकरी रंग दिलाय. सकाळी अकरापर्यंत त्या भिंतीवर आमच्या बाजूनं ऊन असतं आणि ते विटकरी होऊन आमच्या हॉलमध्ये येतं. मी नुसता पांढरा रुमाल खिडकीत आणि मग खोलीच्या आतल्या टोकाला धरून बघितला, खिडकीपाशी तो स्पष्ट गुलाबट होता. त्या उजेडात गाय पीचसारखी दिसायला लागते, आणि संध्याकाळी पाचनंतर मावळतीचं ऊन सरळ आत आलं की ती जवळजवळ आंबा बर्फी. म्हैस मात्र दोन्ही वेळेला पांढरी. नीळ लागू पडली.

आईची खोली याच घरात, त्याच मजल्यावर, पण उत्तरेला आणि खिडकीला लागून मोठा कडुनिंब. तिथं उजेड आकाशाचा निळसर, त्यात पानांची हिरवट भर, आणि पावसाळ्यात तर दिवसभर ढगाळ. तिथं म्हैस अशी दिसते की जणू भिंतीला ओल धरलीय. सांगलीच्या माणसाला ओलीचा रंग वेगळा सांगावा लागत नाही, २०१९ च्या पुरानंतर गावभागातल्या भिंती कशा दिसत होत्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना घरात तसला राखाडी हिरवट पट्टा कितीही सुंदर शेड असली तरी नको वाटतो. तिथं गाय गुणाची दिसते, पिवळी नाही, नुसती शांत.

तेव्हा रुमालाची परीक्षा तुम्हीही करा, खर्च शून्य. आणि खाली फरशी कुठली आहे तेही बघा. लाल कोब्याची असेल तर गुडघ्यापर्यंतची भिंत तांबूस होणार, हिरवट कोटा असेल तर हिरवट.

रात्रीचं काय, ट्यूब तर पांढरीच आहे

घरी आपण जागे आणि निवांत असतो ते मुख्यतः संध्याकाळी सातनंतर, म्हणजे ज्या उजेडात भिंत सगळ्यात जास्त बघणार तो दिव्याचा. बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो, २७००, ३०००, ४०००, ६५००, पुढं के. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा, आधी लाल, मग पिवळं, अजून तापलं की पांढरं, तसं तापमान वाढेल तसा रंग निळ्याकडं सरकतो. ३००० च्या आसपासचा पिवळसर वॉर्म व्हाइट, ६५०० चा कूल डे लाइट, जो आपल्याकडं सर्रास सगळ्या घरांत असतो.

आमच्याकडं ६५०० के च्या ट्यूब होत्या आणि त्याखाली म्हैस हॉलमध्येसुद्धा दवाखान्यासारखी दिसत होती. नवऱ्याला जी राखुंडी दिसली ती हीच, तो रात्री आठला घरी येतो, त्यानं ती भिंत दिवसा धड बघितलीच नव्हती. ४००० के च्या दोन ट्यूब आणून लावल्या, म्हैस लगेच माणसात आली, आणि नवऱ्याची तक्रार तिथंच संपली. फिका रंग बदलण्यापेक्षा बल्ब बदलणं खूप स्वस्त पडतं, आधी ते करून बघा.

अजून एक भानगड असते, तिला इंग्रजीत मेटामेरिझम म्हणतात, एकदाच नाव सांगते. कापडपेठेत साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेताना बायका कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर का येतात? कारण आत ट्यूबखाली दोन कापडं एकसारखी दिसतात आणि उन्हात आणल्यावर एक वेगळंच निघतं. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असले की एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. भिंतीचा रंग आणि पडद्याचं कापड, भिंत आणि पीओपीचं छत, भिंत आणि कपाटाचं लॅमिनेट, यांचं हेच होतं. पडद्याचा तुकडा दुकानात नेऊन मॅच करण्यापेक्षा रंगाचा नमुना घरी आणून पडद्याला लावून बघा, दिवसाही आणि रात्रीही.

उजळपणाचा आकडा

कंपन्यांच्या शेडला बऱ्याच ठिकाणी एलआरव्ही म्हणून आकडा दिलेला असतो, शेड बुकमध्ये नाहीतर वेबसाइटवर. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. आमची गाय ७६, म्हैस ८३. सात आकड्यांचा फरक, वाटतं किरकोळ आहे. पण मघाशी म्हटलं तसं उजेड भिंतीभिंतींत उड्या मारतो. १०० भाग उजेड म्हशीच्या भिंतींवर तीनदा आपटला तर ८३, मग ६९, मग ५७ उरतो. गाईच्या भिंतींवर ७६, ५८, ४४. तिसऱ्या उडीनंतर ५७ आणि ४४, म्हणजे खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं थेट खिडकीचा उजेड पोचत नाही, तिथं फरक कळण्याइतका. खऱ्या घरात सोफा, पडदे, फरशी हेही उजेड खातात त्यामुळं फरक इतका रोखठोक राहत नाही, पण दिशा तीच.

अंधाऱ्या पॅसेजला, जिन्याला, एकाच खिडकीच्या लांबट खोलीला आकडा मोठा बघा. चारी बाजूंनी ऊन येणाऱ्या मळ्यातल्या घराला उलट थोडा कमी आकडा बरा, नाहीतर दुपारी भिंतीकडं बघवत नाही. एवढंच याचं काम, झाक कुठली हे तो आकडा सांगत नाही, ८० ची गुलाबी आणि ८० ची हिरवट दोन्ही असतात.

पण मग सरळ शुभ्र पांढराच का नको?

मामांचं हेच म्हणणं होतं आणि त्यात तथ्य आहे. शुभ्र पांढरा कुठल्याही दुकानात मिळतो, पुढं टचअप करायला सोपं, मशीनची भानगड नाही. छताला आम्ही तोच देतोय. पण भिंतीला शुभ्र पांढरा दिला की तो स्वतःचं काही ठेवत नाही, बाहेरचं जे येईल ते दाखवतो. आमच्या हॉलमध्ये शुभ्र पांढरा म्हणजे सकाळी गुलाबी भिंत आणि रात्री निळी भिंत. थोडी झाक असलेला रंग हे चढउतार पोटात घेतो.

आणि मळतो त्याचं काय

फिका रंग मळतो हे खरंच आहे, गाय असो की म्हैस, स्विचबोर्डभोवती बोटं उमटणारच. पण हा प्रश्न शेडपेक्षा फिनिशचा आहे. एकदम मॅट रंग घासला की बऱ्याचदा डाग जातो आणि चकाकीचा डाग मागं राहतो. थोडी चकाकी असलेला, सॅटिन वगैरे, पुसायला सोपा. मात्र चकाकी भिंतीचं पोट उघडं करते. लांबी नीट ओढलेली नसेल, घासकाम घाईत झालं असेल, तर खिडकीच्या आडव्या उजेडात प्रत्येक खळगा दिसतो, आणि फिक्या रंगावर जास्तच. म्हणून मामांना मी सांगितलं की रंगाचा एक दिवस कमी करा पण पॉलिश पेपरचा वाढवा. रंगवायच्या आधी रात्री मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून धरली तर सगळे उंचवटे सावलीसकट दिसतात, आम्ही पेन्सिलनं गोल करून ठेवले आणि मामांनी एक अक्षर न बोलता सगळे भरून दिले.

दारं-खिडक्यांचा पांढरा ऑइलपेंट काही वर्षांत पिवळा पडतो, त्यातही कपाटामागं, अंधारात जास्त. शेजारी निळसर पांढरी भिंत असेल तर तो पिवळेपणा ओरडून दिसतो. तुमची चौकट अशी जुनी पिवळट असेल आणि ती आत्ता रंगवायची नसेल तर गाईकडं झुका.

मोबाइलवर फोटो काढून बहिणीला पाठवला तर?

पाठवा, पण तिचं मत घेऊन रंग ठरवू नका. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या हिशोबानं पांढरा ठरवतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणं सरकवतो, गाय एका फोटोत पांढरी आणि एक पाऊल बाजूला जाऊन काढली तर बदामी येते. आपले डोळेही तेच करतात म्हणा. २०१५ साली त्या एका ड्रेसच्या फोटोवरनं जगभर भांडणं झाली, काहींना पांढरा-सोनेरी दिसायचा, काहींना निळा-काळा, प्रत्यक्षात तो निळा-काळा होता. ज्याच्या मेंदूनं जसा उजेड गृहीत धरला तसा त्याला रंग दिसला. ॲपमध्ये आपल्या खोलीचा फोटो टाकून रंग दाखवतात ते गडद रंगासाठी, म्हणजे निळा की हिरवा एवढं ठरवायला ठीक आहे. गाय की म्हैस ते ॲपला कळत नाही.

पॅच मारायचा तर असा

छोटा डबा आणून एक फुटाचा फराटा ओढणं पुरत नाही. पुठ्ठ्याचे किंवा हार्डबोर्डचे दोन मोठे तुकडे घ्या, प्रायमर लावा, मग प्रत्येक रंगाचे दोन हात, पूर्ण वाळू द्या. हे तुकडे उचलून नेता येतात ही मोठी सोय, खिडकीच्या भिंतीला, समोरच्या भिंतीला, कोपऱ्यात, फरशीजवळ. दोन्ही शेजारी शेजारी न ठेवता एका वेळी एकच ठेवून बघा, आणि जुना रंग गडद असेल तर भोवती पांढरा कागद लावून तो झाका, आमच्या जुन्या पोपटी भिंतीनं दोन्ही शेड गुलाबी दाखवल्या होत्या. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, आणि जमलं तर एका ढगाळ दिवशी. खोलीत ज्या वेळी तुम्ही सगळ्यात जास्त बसता त्या वेळेचं मत दुप्पट धरा.

आईला दिसतं ते मला का दिसत नाही

हे मी शेवटी ठेवलं कारण यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड कमी आत सोडतं. हे इतकं हळू होतं की मेंदू जुळवून घेतो, माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदू झाला की आणखीच. क्लॉड मोने या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याआधीच्या काळातली त्याची बागेची चित्रं लाल-तपकिरीकडं गेलेली आहेत. आताच्या ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवीन लेन्स बसवतात आणि ती जुन्यापेक्षा खूप स्वच्छ असते.

आईचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेत ऑगस्टमध्ये झालं, डाव्याचं व्हायचंय. आम्ही वाद घालत होतो आणि तिचं मत रोज वेगळं यायचं, मला वाटलं तिला आता कंटाळा आला असेल. आठव्या दिवशी ती चौकोनांसमोर उभी होती, तळहातानं एक डोळा झाकलेला. मग दुसरा झाकला. म्हणाली, "ह्या डोळ्यानं गाय पिवळी आहे आणि ह्या डोळ्यानं पांढरी. आणि म्हैस ह्या डोळ्यानं निळी दिसते गं." ऑपरेशन झालेल्या डोळ्याला गाय पांढरी दिसत होती, जुन्या डोळ्याला पिवळी. ती एकाच माणसाची दोन खरी मतं होती आणि आम्ही ती लहरीपणा म्हणून सोडून देत होतो.

घरात साठीपुढचं माणूस असेल आणि खोली त्यांची असेल तर तुमच्या डोळ्यानं रंग ठरवू नका एवढं मी कळकळीनं सांगते. त्यांना पिवळट रंग तुमच्यापेक्षा जास्त मळका दिसू शकतो, आणि भिंत, दार, फरशी सगळं फिकं एकसारखं असेल तर रात्री उठल्यावर दाराची कड सापडत नाही. चौकट भिंतीपेक्षा गडद ठेवा, स्विचबोर्डची पट्टीही.

हॉलला म्हैस ठरली. काल मामांनी पहिला हात मारला, आज दुसरा होईल. आईच्या खोलीला हात लावलेला नाही, मामांना तसं सांगितलंय, ते म्हणाले, "काय घाई हाय, दिवाळीनंतर येतो." डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर हार्डबोर्डचे दोन्ही तुकडे तिच्या पलंगासमोर टेकवून ठेवलेत, आणि सकाळी चहा घेऊन गेले की ती आधी एक डोळा झाकते, मग दुसरा, आणि मग कप घेते.